वरठी रोडवरून अवकाशात

६ जानेवारी २०२५

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली आहे. उद्या माझ्यावर कोणी पुस्तक लिहायला बसलं तर त्या बिचाऱ्याला कागदपत्रं लागतील, आणि आमच्या घरात कागद म्हणजे किराण्याची यादी.

परवा नागपूरला एका परिषदेला गेलो होतो. विषय : 'राष्ट्राचा अवकाश उद्योग आणि लहान कारखानदार'. सरकारने खाजगी कंपन्यांना रॉकेट बनवायची मोकळीक दिली आहे. कंपन्या म्हणतात, एकट्याने सगळं जमत नाही, सुटे भाग देशभरातल्या लहान कारखान्यांनी द्यावेत. व्यासपीठावर सरकारचे तीन साहेब कोटात आणि कंपन्यांची दोन पोरं टी-शर्टात बसली होती. 'भागीदारी' हा शब्द मी एकोणचाळीस वेळा मोजला. मग जेवण लागलं. पनीर दोन प्रकारचं होतं. दुसऱ्या पनीरच्या रांगेत उभा असताना मनात आलं, भोजराज, तुझा जन्म तोट्या बनवण्यासाठी झालेला नाही.

आमचा कारखाना भंडारा-वरठी रस्त्यावर आहे. आजोबा पाणी भरायचे पितळेचे गुंड घडवायचे, बाबाही तेच. लोक पाणी प्लास्टिकात भरू लागले तसा मी नळाच्या तोट्यांकडे आणि गॅसशेगडीच्या नोझलांकडे वळलो.

पुतणी हर्षा सोबत होती. ती जेवली नाही. कोपऱ्यात त्या टी-शर्टवाल्या पोरांसोबत कसले तरी नकाशे पाहत बसली. समाजात मिसळणं तिला जमत नाही.

११ जानेवारी

हैदराबादच्या एका कंपनीला अर्ज पाठवला. एकूण बावीस प्रश्न होते. 'कारखान्याच्या मालकाचं नाव' हा मी भरला. बाकीचे किरकोळ तांत्रिक होते, ते हर्षाने भरले.

हर्षाबद्दल थोडं लिहून ठेवतो. धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यापासून ती आणि तिची आई आमच्याच घरी आहेत. आयटीआय करून नागपूरला तीन वर्षं एका कारखान्यात होती. परत आली आणि माझ्या मागे लागून पितळ नेमक्या मापात कातणारी जुनी सीएनसी मशीन घ्यायला लावली. मशीन ती चालवते, मापं ती घेते, पोरांना शिकवते ती. नेतृत्व माझं आहे.

२३ जानेवारी

कंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या तृप्ती मॅडम पाहणीला आल्या. मी सूट घातला होता. पायरीवरच सुरुवात केली, "वेलकम मॅडम, व्हेरी गुड जर्नी?"

त्या म्हणाल्या, "बरी झाली काका. वरठी टेशनावरून ऑटो भेटत नव्हता फक्त. मी कोंढ्याचीच आहो. पवनीजवळच्या."

माझी पाठ केलेली इंग्रजीची दोन पानं वाया गेली.

माझ्याशी त्या दहा मिनिटं बोलल्या. हर्षाशी साडेतीन तास. मोठ्या माणसाचा वेळ घेऊ नये ही समज आजकाल फार कमी लोकांत असते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

८ फेब्रुवारी

ऑर्डर मिळाली!! दोनशे चाळीस पितळी जोड. रॉकेटचं इंजिन उडवण्याआधी ते जमिनीला बांधून पेटवून पाहतात. त्या ठिकाणी टाकीपासून इंजिनापर्यंत द्रव ऑक्सिजनच्या नळ्या जातात, आणि नळीला नळी जोडायला हे जोड लागतात. जागा सरकारची, इंजिन कंपनीचं, जोड भोजराजचे. तिघांची भागीदारी. मी पुष्पाला हे तीनदा समजावलं.

पुष्पा म्हणाली, "म्हंजे नळाचंच काम न?"

अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे, म्हणून चौथ्यांदा समजावलं नाही.

१० फेब्रुवारी

कारखान्याच्या नोंदीचं सदर बदलण्यासाठी एका कार्यालयात गेलो. आमची नोंद 'गृहोपयोगी वस्तू' या सदरात आहे. बाबू म्हणाला, "अवकाश सदरात नाव टाकाचं असन तर अवकाशाचं सामान बनवल्याचा दाखला आणा." तो कुठे मिळतो? "नोंद झाल्यावर आमीच देतो."

१९ फेब्रुवारी

माझी केबिन गेली. हर्षाने तिची 'स्वच्छ खोली' केली आहे. सोफा बाहेर, पंखा बंद, खिडक्यांना पट्ट्या. तयार जोड तिथे दोन प्रकारच्या पाण्यात धुतात, वाळवतात, डाग दाखवणाऱ्या काळ्या दिव्याखाली तपासतात आणि पिशवीत सीलबंद करतात. आत जाताना टोपी, मास्क, हातमोजे. मी म्हणालो, "मी मालक आहो."

"हो मोठे बाबा. मालकाच्याही हाताले घाम येते."

पुंडलिकराव फिदीफिदी हसले. ते आमच्याकडे चाळीस वर्षं पॉलिशचं काम करतात. बाबांच्या वेळचे म्हणून मी त्यांना काही बोलत नाही. सोफा सध्या अंगणात आहे. त्यावर मांजर बसते.

४ मार्च

हर्षाने आज अकरा जोड बाजूला टाकले. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक होता म्हणे. मी एक उचलून डोळ्याजवळ नेला, छान होता. "कोणाले दिसून राहिलं हे?"

"माणसाले दिसत नाही. दाबाले दिसते."

ही तिची बोलण्याची पद्धत. ग्राहकासमोर असं बोलली तर धंदा बसेल.

७ मार्च

दोनशे चाळीस जोड तयार, धुतलेले, पिशव्यांत बंद. हर्षा आजच आईला घेऊन आसगावला मामेबहिणीच्या लग्नाला गेली. मंगळवारी येईल, प्रमाणपत्रावर सही करेल, मग माल जाईल.

मी भय्याजींना फोन केला. आमच्या भागाचे पुढारी. उद्घाटनं करून करून त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब झाला आहे. म्हणाले, "अवकाश? वा! रविवारी येतो. पेपरवाले बोलावजो."

९ मार्च, रविवार

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळी लक्षात आलं की पिशवीत बंद असलेला माल दिसत नाही. लोक काय प्लास्टिक पाहायला येणार? म्हणून साठ पिशव्या उघडल्या आणि परातीत जोडांचं रॉकेट मांडलं. टोकाला एक लिंबू. पुंडलिकराव म्हणाले, "मालक, पोरीले इचारा." मी म्हणालो, पोरगी लग्नात आहे, आनंदात आहे, कशाला त्रास द्यायचा. ते सायकल काढून निघून गेले. वयोमानाने माणूस चिडका होतो.

भय्याजी दीड तास उशिरा आले, म्हणजे त्यांच्या हिशेबाने वेळेवरच. सोबत पंचवीस माणसं. तुपाचा दिवा लावला. प्रत्येक जोडाला हळदकुंकू लागलं. भय्याजींनी भाषणात सांगितलं की भंडाऱ्याचं पितळ आता चंद्रावर चमकेल. मी कानात म्हणालो, चंद्रावर नाही, जमिनीवरच आहे. ते म्हणाले, "आज जमिनीवर, उद्या चंद्रावर!" टाळ्या. मग पेढे. पेढा खाऊन प्रत्येकाने एकेक जोड हातात घेऊन पाहिला. लोकांच्या डोळ्यांत अभिमान होता.

सगळे गेल्यावर मी ते साठही जोड धोतराच्या मऊ कापडाने पुसले, पिशव्यांत घातले आणि पुष्पाच्या पापडाच्या पिशव्या बंद करायच्या मशीनवर सील केले. सील हर्षापेक्षा सरळ आलं.

१० मार्च

पेपरात फोटो! भय्याजी, परात, आणि त्यांच्या खांद्यामागे माझा उजवा कान. कान स्पष्ट आला आहे.

११ मार्च

हर्षा आली. फोटो मी भिंतीवर लावूनच ठेवला होता. तिने पाहिला, चपला काढायच्या राहिल्या, तशीच उभी राहिली.

"हे खरे जोड होते?"

"मग काय गुळाचे?"

"पिशव्या फोडल्या तुमी?"

"परत बंद केल्या न. पापडाच्या मशीनवर. पाहा, किती सरळ."

"कोणते होते ते?"

हे मात्र मी पाहिलं नव्हतं. गठ्ठ्यात मिसळून गेले होते. तसं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. पोरगी न ओरडता स्वच्छ खोलीच्या दारापाशी जमिनीवर बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "मी सही नाही करत."

मी सांगितलं, हळदकुंकू पवित्र असतं. तूप तर शुद्ध गाईचं होतं.

१२ मार्च

माल द्यायची तारीख आज होती. दिलेला शब्द मोडणं आमच्या घराण्यात नाही. 'ऑक्सिजनसाठी स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र' असा एक कागद असतो, त्यावर तपासनीसाची सही लागते. हर्षा दुपारी नागपूरला मशीनचं पातं आणायला गेली. मी सही केली. माझी नाही. तिची. तिची सही सोपी आहे, 'ह' आणि एक रेघ.

कुरिअरवाला चारला पार्सल घेऊन गेला.

लिहून ठेवतो, कारण खरं लिहायचं ठरवलं आहे. रेघ थोडी वाकडी आली. पेन चांगलं नव्हतं.

१३ मार्च

सकाळी हर्षाने रिकामं कपाट पाहिलं. मग पावतीपुस्तकाला लावलेली प्रमाणपत्राची प्रत पाहिली. स्वतःची सही तिने पुष्कळ वेळ पाहिली.

पुंडलिकराव तिथेच होते. त्यांनी मला नावाने हाक मारली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "भोजराज, वेल्डिंगवाल्याच्या दुकानात लहान पोरगा असते न, त्याले पहिल्या दिवशी काय सांगतेत?"

मी पावतीपुस्तक बंद केलं.

"सांग न."

"ऑक्सिजनच्या सिलिंडरले तेलकट हात नाही लावाचा."

"काहून?"

"भडका होते."

मला हे माहीत होतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून माहीत आहे. वेल्डरच्या दुकानात माझ्या हातून असाच भडका उडाला तेव्हा बाबांनी माझ्या कानाखाली वाजवली होती. रविवारी ते माझ्या डोक्यात आलंच नाही असं मी आज दिवसभर स्वतःला सांगतो आहे. पूर्ण खरं नाही. तुपाचा दिवा लावताना आलं होतं. पण भय्याजी आधीच दीड तास उशिरा आले होते आणि फोटोवाल्याला तुमसरला जायचं होतं.

हर्षा म्हणाली, "मोठे बाबा, माल सोमवारी तिथं पोचन. मंगळवारपासून नळ्या जोडतीन. उद्या संध्याकाळपर्यंत तुमी फोन करा. नाही केला तर मी करतो. पण मी केला तर सहीचंही सांगन."

ऑर्डर जाईल, नाव जाईल, भय्याजींना तोंड दाखवता येणार नाही, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "हो."

१४ मार्च

रंगाचा दिवस. रस्त्यावर पोरं बोंबलत होती. मी सकाळपासून फोन हातात घेऊन अंगणातल्या सोफ्यावर बसलो. मांजराने जागा दिली.

काय बोलायचं ते आधी लिहून काढलं. पहिला मसुदा : 'अज्ञात इसमांनी मालाशी छेडछाड केल्याचा संशय आहे.' पुष्पाने वाचला. म्हणाली, "अज्ञात इसमाचा कान पेपरात आला आहे." दुसरा मसुदा : 'हवेतील आर्द्रतेमुळे.' तो तिने वाचलाही नाही.

साडेतीनला फोन लावला. तृप्ती मॅडम साइटवरच होत्या, मागे यंत्राचा आवाज होता. "बोला काका. पार्सल निघालं म्हणे."

मी आधी होळीच्या शुभेच्छा दिल्या. मग हवामान विचारलं. मग कोंढ्याला आईवडील बरे आहेत का. त्या हसून म्हणाल्या, "काका, काम सांगा न, मी पंधरा मिनिटांत टाकीपाशी जातो."

"टाकीपाशी काय असते?"

"नळी थंड कराले पहिला वाल्व हातानंच खोला लागते. मी नि एक पोरगा असतो. मंग आडोशाले जातो, बाकी सगळं बटनावर."

"म्हणजे आमचे जोड लागले की..."

"त्याच्याच बाजूले उभी असतो. काहून?"

मसुदा हातात होता. अक्षरं काही दिसत नव्हती. मी म्हणालो, "तो माल लावू नका. मी पिशव्या फोडल्या. तूप लागलं आहे. सहीही मीच केली, हर्षाची नाही."

मागचं यंत्र चालूच होतं. त्यांनी विचारलं, "किती?"

"साठ."

"कोणते?"

"नाही माहीत."

फोन ठेवला गेला. मी ठेवला की त्यांनी, आठवत नाही. हर्षा दारात होती. किती वेळापासून होती कोण जाणे. आत गेली आणि मशीन सुरू केली. सुट्टीचा दिवस होता.

३ एप्रिल

पार्सल परत आलं. न उघडता, वर लाल पट्टी. सोबत पत्र. पत्र हर्षाच्या नावाने आहे. सगळा माल नामंजूर. चाचणी दोन महिने पुढे ढकलली. सरकारी जागेची पाळी गेली, नवी मागावी लागेल. पुढचा माल घेतला तर तो फक्त हर्षाच्या देखरेखीखाली, आणि श्री. भोजराज यांना तयार मालाच्या खोलीत प्रवेश नसावा.

'श्री.' लावलं आहे. सभ्य कंपनी आहे.

आधी मी चिडलो. माझ्याच कारखान्यात मला मनाई! पुष्पाला म्हणालो, मी खरं सांगितलं त्याचं हे फळ. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "खरं सांगितलं म्हणून पोरगी अजून या घरात जेवून राहिली. नाही तं पेटी भरून ठेवली होती तिनं."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

५ एप्रिल

गावात बातमी फिरली आहे. चहाच्या टपरीवर मी सांगितलं की माल परत बोलावणं ही अवकाश उद्योगातली फार मोठी जबाबदारीची गोष्ट असते, आणि या जिल्ह्यात ती प्रथा मी सुरू केली. दोघांनी मान डोलावली. पुंडलिकरावांनी चहा तसाच ठेवला आणि उठून गेले. घरी आल्यावर मला ते वाक्य आठवत राहिलं. परत बोलणार नाही.

२ मे

नवे दोनशे चाळीस जोड करायला घेतले. उन्हाने टिनपत्रा तापतो, स्वच्छ खोलीत पंखा लावता येत नाही. हर्षा आणि तिच्या हाताखालच्या दोघी पहाटे पाचपासून दहापर्यंत काम करतात. मी बाहेर स्टुलावर बसून आत जाणाऱ्यांची नावं वहीत लिहितो. हे काम कोणी सांगितलं नाही. आज तिथूनच पाहिलं, हर्षा एकेक जोड दिव्याखाली फिरवते आणि तोंडाने काही पुटपुटत नाही, फक्त पाहते. एका जोडाला सहा मिनिटं. मी आजवर कोणत्याच गोष्टीकडे सहा मिनिटं पाहिलेलं नाही.

९ मे

भय्याजी आले. माल पुन्हा निघतो आहे हे त्यांना कळलं होतं. "भोजराज, मागचा कार्यक्रम लहान झाला. आता मंडप टाकू. मंत्री आणतो."

मी म्हणालो, "नाही भय्याजी."

"काहून?"

कारण सांगायला पाहिजे होतं. तूप, भडका, सगळं. भय्याजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाटलं, यांना समजेल, पण यांना फरक पडणार नाही. मला तरी कुठे पडला होता.

"मालकीणबाई नाही म्हणते," असं सांगून टाकलं. ते हसून म्हणाले, बायकोले भेता का. मी म्हणालो, बायको नाही, पुतणी. भय्याजी चहा न घेता गेले. त्यांचा पुतण्या तोट्यांचं मोठं काम आम्हाला देणार होता. ते आता येणार नाही.

११ जून

आज चाचणी. तृप्ती मॅडमनी हर्षाच्या फोनवर थेट दाखवायची सोय केली होती. सगळे कारखान्यात जमलो. फोन पितळेच्या एका गुंडाला टेकवून ठेवला. मी चार ओळींचं भाषण लिहून खिशात ठेवलं होतं.

पडद्यावर एक लोखंडी सांगाडा, नळ्या, पांढरी वाफ. निळं हेल्मेट घातलेली एक बारीकशी बाई नळीजवळ गेली आणि वाल्वपाशी वाकली.

"तृप्ती आहे," हर्षा म्हणाली.

वाफ वाढली. ती दिसेनाशी झाली. मला बाराव्या वर्षीचा तो वेल्डरच्या दुकानातला आवाज आठवला, मी लगेच दुसरं काही आठवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. हर्षाचे हात मांडीवर होते, मुठी आवळलेल्या. तिने प्रत्येक जोड सहा मिनिटं पाहिला होता. तरी.

मग वाफेतून निळं हेल्मेट बाहेर आलं. सोबत तो दुसरा पोरगा. दोघं आडोशाच्या भिंतीकडे चालत निघाले. धावत नव्हते, आपलं साधं चालत होते, जसा माणूस बाजारातून घरी येतो. मी पावलं मोजली. चौतीस. पस्तिसाव्याला ती भिंतीआड गेली.

त्यानंतर इंजिन पेटलं म्हणे. सगळे ओरडले, पुष्पाने पुंडलिकरावांच्या पाठीत बुक्की मारली. एकवीस सेकंद जळलं असं हर्षाने सांगितलं. मला दिसलं नाही. मी तोंड फिरवून भिंतीकडे पाहत होतो, आणि डोळ्यांत काही गेलं वगैरे मी इथे लिहिणार नाही.

भाषण विचारलं कोणी नाही. मी हर्षाजवळ गेलो. तिला म्हणालो, "पोरी, ते सहीचं..."

ती म्हणाली, "हो मोठे बाबा. चुकलंच ते."

बस, एवढंच. 'असू द्या' म्हणाली नाही. मी वाट पाहिली थोडा वेळ. मग ती स्वच्छ खोलीत गेली आणि मी स्टुलावर जाऊन बसलो, वही उघडली, तारीख घातली आणि पहिलं नाव तिचं लिहिलं.